पडद्यावर मेलेले नागुमोसान

नागुमोसानांच्या लेकीचा, एमीचा, फोन आला तेव्हा मी क्लिनिकला निघाले होते. "मेघनासान, बाबा गेले. झोपेतच," ती म्हणाली. त्याला आता दीड महिना होईल.

नागुमोसान एकेकाळी जपानी सामुराईपटांचे नायक होते, हे मला फार उशिरा कळलं. मी मूळची सांगलीची, कतारमध्ये दोहा शहरात फिजिओथेरपिस्ट; तिथं सगळे जपानी मला 'मेघनासान' म्हणत, 'सान' म्हणजे आपलं 'जी'. माझ्यासाठी ते खुब्याचं हाड मोडलेले, तिथल्याच अल हिलाल भागात लेकीकडे राहणारे हट्टी पेशंट होते. मोडक्यातोडक्या इंग्रजीत हळूहळू बोलू लागले. स्टुडिओत घोड्यांच्या खरारा-पाण्याला लागलेला हा तरुण, नायकाला घोडा आवरेना म्हणून त्याच्या जागी खोगिरावर बसला, आणि पुढे वीसेक वर्षं तलवार खाली ठेवायची उसंत मिळाली नाही. मग घरोघरी टीव्ही आला, सामुराईपट आटले. ते मालिकांत म्हाताऱ्या सरदारांची कामं करत राहिले. त्याची कुरकुर कधी ऐकली नाही. "घोड्यावरून पडायचे पैसे मिळायचे," ते म्हणत, "बाथरूममध्ये पडलो तो फुकट!"

हसत सांगत, पण त्या पडण्याची धास्ती मनात बसली होती. हाड जुळलं, पाय भार घेऊ शकत होते, तरी व्हीलचेअरवरून उठायचं नाव नाही. मी हात पुढे केला की मान फिरवायचे. एमी रडकुंडीला आली होती.

एका शुक्रवारी दुपारी मी गेले, तर एमीने त्यांचा जुना सिनेमा लावलेला. सात वर्षांची नात हाना तरुण आजोबांना पहिल्यांदाच पाहत होती. शेवटी नायक घाव लागून कोसळला, उठलाच नाही... आणि हाना हमसून रडायला लागली. सिनेमा आहे गं, म्हणून एमी समजावतेय, पोर ऐकेना. तेवढ्यात व्हीलचेअरच्या ब्रेकचा खट्‌ आवाज झाला. नागुमोसान दोन्ही हात रेटून उठत होते. मी धावले, त्यांनी नजरेनंच थांबवलं. पाय थरथरत होते, पाठ मात्र ताठ. नातीला ते काहीतरी म्हणाले. एमीने नंतर मला सांगितलं, "म्हणाले, बघ. डायरेक्टर 'कट' म्हणाला की मी दर वेळी उठायचो."

दुसऱ्या दिवसापासून ते चालू लागले. शेवटपर्यंत चालले.

परवा एमीला भेटायला गेले. चहा झाला. निघताना पाहिलं, तर घाईत कशाही काढलेल्या माझ्या चपला फाटकाकडे तोंड करून जोडीनं ठेवलेल्या. पाहुण्याला पाय सरकवून सरळ निघता यावं म्हणून नागुमोसान रोज काठीच्या टोकानं त्या अशा फिरवून ठेवत. मी चमकून वर बघितलं.

दाराआडून हानानं विचारलं, "बरोबर ठेवल्या ना?"