थकलेल्या हृदयाला हाक

आमचे गायकवाड सर प्रयोगशाळेत उंदराच्या हृदयाशी बोलत. पुण्याच्या मेडिकल कॉलेजात ते औषधशास्त्र शिकवायचे. मूळचे निरगुडसरचे, आणि गावची बोली त्यांनी कधी सोडली नाही. द्रावणात टांगलेल्या हृदयस्नायूच्या पट्टीवर अ‍ॅड्रिनॅलिनचा थेंब सोडून म्हणायचे, "हं, उठा राव." तरुण उंदराची पट्टी जोरात आकसायची, पडद्यावरची रेघ उंच जायची. म्हाताऱ्या उंदराची रेघ मात्र जेमतेम हलायची. आम्हाला हसू यायचं.

"हसू नका," सर म्हणायचे. "त्याला हाक कमी ऐकू येती, येवढंच. तुमचं बी असंच व्हनार हाये."

निवृत्तीनंतर सर गावी परतले. तोवर मी जवळच मंचरला छोटा दवाखाना थाटला होता. ब्लडप्रेशर दाखवायला यायचे, तेव्हा बाकावरच्या म्हाताऱ्यांशी तासभर गप्पा मारत बसायचे. एकदा मला म्हणाले, "पोरी, लोक तुझ्याकडं औषधाला कमी आन् बोलायला जास्त येत्यात. वैतागू नको."

एका दुपारी त्यांचा मुलगा मिलिंद त्यांना गाडीत घालून घेऊन आला. विहिरीवरचं मोहोळ उठून त्यांना मधमाश्या डसल्या होत्या. सरांचे ओठ सुजलेले, छातीत घरघर, ब्लडप्रेशर पार खाली. मी मांडीत अ‍ॅड्रिनॅलिन दिलं, ऑक्सिजन आणि सलाईन लावलं. थोडा वेळ वाट पाहिली, पण फारसा फरक पडेना. मी दुसरं इंजेक्शन भरू लागले तशी मिलिंदनं माझा हात धरला.

"मॅडम, बाबांचं हृदय म्हातारं हाये. झेपंल का?"

सरांनी डोळे किलकिले केले. श्वास पुरत नव्हता, तरी म्हणाले, "म्हातारं हाये म्हनूनच... दुसरी हाक. सोड तिचा हात."

मिलिंदनं हात सोडला. मी दुसरं इंजेक्शन दिलं आणि ब्लडप्रेशरच्या मशीनवर नजर लावून उभी राहिले. हळूहळू आकडे वर सरकू लागले. घरघर कमी झाली. मिलिंद भिंतीला टेकून खाली बसला आणि रडू लागला.

संध्याकाळी सरांनी मला जवळ बोलावलं. सुजलेल्या बोटांनी माझं मनगट धरलं आणि डोळे मिटून नाडी मोजत राहिले.

"इंजेक्शन मला दिलं," ते म्हणाले, "आन् काळीज पळतंय तुझं. जा, चहा घे. मी हाये हितंच."