माळावरची बारा मिनिटं

आप्पा गेल्याचा दौंडहून फोन आला तेव्हा आमच्या नळाला पाणी होतं. सहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. पाणी सहाला येतं आणि पंचावन्न मिनिटं राहतं, म्हणजे अजून पंधरा मिनिटं उरली होती. फोनवर आप्पांची मुलगी रडत होती आणि मी मनात ही वजाबाकी करत होतो. त्याला आता पाच आठवडे झाले. भेटेल तो म्हणतो, भला माणूस गेला. भले तर ते होतेच. पण आप्पा आमच्या गावचे नगराध्यक्ष व्हायला निघाले होते आणि खुर्चीवर बसून काय करायचं ते त्यांनी मिनिटामिनिटांनी ठरवलं होतं, हे आता कोणी बोलत नाही.

आप्पा गावच्या पाणीपुरवठ्यावर व्हॉल्व्हमन होते. खांद्यावर ती लांब लोखंडी चावी टाकून पहाटे निघायचे, रस्त्यावरचं झाकण उचलायचे, चावी आत घालून फिरवायचे, की त्या आळीला पाणी सुटायचं. घर माळावर, गावाच्या सगळ्यात उंच टोकाला. त्यांच्या वडलांनी मेंढरं विकून तिथं घर बांधलं होतं. माझं घर खाली नदीच्या बाजूला. आमच्याकडे पाणी पंचावन्न मिनिटं, माळावर बारा. चढच तसा आहे, खालचे नळ वाहत असेपर्यंत वर दाब धरत नाही. आप्पा रिटायर झाले आणि त्याच सुमाराला नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडायचा असं ठरलं. दुसऱ्या दिवशी ते माझ्या ओट्यावर येऊन बसले. मी साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून, म्हणून ते मला काटेवाले म्हणायचे.

"काटेवाले, मी उभा ऱ्हातोय. मला आकडं मांडून द्या."

"आप्पा, गंमत करता काय?"

"गंमत न्हाई. सगळ्यांनी गाव वरनं बघितलंय. मी झाकणं उचलून बघितलंय."

तीन आठवडे आम्ही रोज सकाळी हिंडलो. प्रत्येक आळीत घड्याळ लावून बसायचो, पाणी कधी आलं, कधी गेलं, एक घागर किती वेळात भरली. मी वहीत लिहायचो. शेवटी हिशेब बसला. खालच्या आळ्यांचा व्हॉल्व्ह वीस मिनिटं आधी बंद केला, तर वर दाबही लवकर धरत होता आणि सगळ्या गावाला पस्तीस मिनिटं पाणी मिळत होतं. आप्पांचा बेत याच्याही पुढचा होता. आळीचं वेळापत्रक प्रत्येक कोपऱ्यावर रंगवायचं आणि ते रंगवून झाल्याशिवाय खुर्चीवर बसायचं नाही. पहिली सभा हॉलमध्ये नाही, माळावर, पहाटे, प्रत्येक नगरसेवकाच्या हातात एक रिकामी घागर. "भरली तर घरी जावा, न्हाईतर ठराव करा," असं ते म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. चौकात कुणीतरी टोमणा मारला, "आप्पा, चावी फिरवून गाव चालत नसतं." आप्पा थांबले. "मग तुमी रोज सकाळी कशानं धुताय तोंड?" म्हणाले आणि पुढे गेले.

पत्रक छापायची वेळ आली तेव्हा माझ्याकडून ते घडलं. बरोबरची चार माणसं म्हणत होती, फक्त पस्तीस मिनिटं छापा. कुणाचं किती कमी होतंय ते कशाला सांगायचं? मी अडून बसलो. म्हटलं, दोन रकाने पाहिजेत, आज आणि उद्या. पंचावन्नचे पस्तीस होणार असतील तर तेही छापलं पाहिजे. काट्यावर मी कधी एक किलो इकडचा तिकडे होऊ दिलेला नाही, याचा मला अभिमान होता. आप्पा त्या चौघांना "काटेवाले म्हंत्यात तसं करा," म्हणाले.

खालच्या आळ्यांनी पत्रक वाचलं आणि वीस मिनिटं जाणार एवढंच लक्षात ठेवलं. आप्पाला स्वतःच्या दारात पाणी न्यायचंय, असं बोललं जाऊ लागलं. माळावर तरी मतं पडतील असं वाटत होतं. तिथले लोक म्हणाले, आप्पा काही निवडून येत नाहीत, मत कशाला वाया घालवा? आप्पा तिसरे आले. आमच्या मतदान केंद्रावर त्यांना अकरा मतं होती. त्या संध्याकाळी मी घरी म्हटलं, अकरातली चार तर आपलीच. बायको भाजी निवडत होती. "चार नाही. तुमचं एक," ती म्हणाली. "मी, आई आणि भाऊजी, आम्ही नाही दिलं." मी विचारलं, का? "सकाळी नळाखाली कोण बसतं? तुम्ही?"

पुढच्या वर्षी आप्पांच्या छातीत पाणी झालं. मुलीनं त्यांना दौंडला नेलं. मी शेवटचा गेलो तेव्हा ते उशीला टेकून बसले होते. "बघा, जन्मभर दुसऱ्याला सोडलं, आता सगळं माझ्यातच साठाय लागलंय," म्हणाले. मी हसलो. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या पेटीत अकरा निघाली. त्यात तुमच्या घरची चार, व्हय ना?"

ज्या माणसानं एक आकडा लपवायला नको म्हणून त्यांची निवडणूक घालवली, तो म्हणाला, "हो आप्पा. चारही."

"मग बाकीचे सात कोन, ते शोधा. चांगली मान्सं असतील." मग डोळे मिटून म्हणाले, "छापलं ते बराबर केलं आपुन." परतीची एसटी शिरूरला पोचेपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत होतो. पुन्हा जाईन, खरं सांगेन, असं ठरवलं होतं. कारखान्याचा हंगाम सुरू झाला, आणि मी गेलो नाही.

उरलेली पत्रकं बायकोनं फडताळात भांड्यांखाली अंथरली आहेत. डबा उचलला की आज आणि उद्या हे दोन रकाने दिसतात. माळावर अजून बाराच मिनिटं पाणी येतं, मी परवाच जाऊन पाहिलं. आप्पा गेल्यापासून मी सकाळी घड्याळ घेऊन नळाजवळ बसतो आणि पस्तीस मिनिटं झाली की तोटी बंद करतो. त्यानं माळावर एक थेंब जास्त चढत नाही. शेजारच्या नळाची धार तेवढी जाड होते. हे गणित मला आप्पांनीच शिकवलं होतं. मी आंघोळीला आत गेलो की बायको तोटी पुन्हा उघडते, आणि घागरीत पाणी पडायला लागल्याचा आवाज मला आत ऐकू येतो.