बाबांचा डावा हात

नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत बाबांचा डावा हात गेला. लकव्याचा झटका येऊन गेला, तोंड सरळ झालं, पाय चालू लागला. हात मात्र मांडीवर ठेवला की ठेवल्या जागी राहायचा. ऑफिसात शिपाई असलेल्या माणसाला एका हाताने नोकरी निभावता येते. ढोलकी एका हाताने वाजत नाही.

आणि बाबा मुळात ढोलकीवाले. नोकरी आपली पोटापुरती. आमच्या गायन पार्टीत तेच ठेका धरायचे. एप्रिलात, जयंतीच्या महिन्यात, आज डोंगरीला कार्यक्रम, उद्या मुर्ध्याला, घरी जेवायची मारामार. झटक्यानंतर त्यांनी ढोलकी आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळायला लावली आणि माळ्यावर टाकायला सांगितली. त्यानंतर ते तिच्याबद्दल बोलेनात. फारसं कशाबद्दलच बोलेनात. मला भीती वाटायची, की आता हा माणूस असाच भिंतीला टेकून बसून राहणार.

मुर्ध्याच्या एका कार्यक्रमात कुणीतरी टेपरेकॉर्डर समोर ठेवून भरलेली कॅसेट घरात होती. मी ती लावली की बाबा उठून बंद करायचे.

"चाळ ऐकेल," म्हणायचे.

चाळ ऐकेल, दारात येईल आणि 'काय हात होता हो तुमचा!' म्हणेल. ती कीव त्यांना नको होती. मग माझ्या डोक्यात आलं, त्यांना एकट्याला ऐकू येईल असं काहीतरी आणावं. वॉकमन माझ्याकडे होता. त्याच्या कानात घालायच्या दोन गोळ्या बाबांच्या कानात टिकत नव्हत्या. दिवाळीच्या बोनसवर मी हेडफोन घ्यायचं ठरवलं. फार भारी नको, पण फुटपाथवरचाही नको.

स्टेशनजवळच्या दुकानदाराने मला सिनेमाचं एक धडाकेबाज गाणं ऐकवलं. आमच्या वस्तीत चांगला आवाज म्हणजे काय, तर मंडपातल्या कर्ण्यापुढे उभं राहिल्यावर छातीत धडधडायला हवं. या हेडफोनमध्ये कवटीसुद्धा धडधडत होती. कान पूर्ण झाकणाऱ्या जाड गाद्या, बाहेरचं काही ऐकू येत नाही. मी हरखून घेऊन आले.

बाबांनी अर्धं मिनिट ऐकलं आणि काढून ठेवला.

"हा मी नाही," ते म्हणाले. "एवढा घुमारा माझ्या बापाच्यानंसुद्धा निघाला नसता."

मी जाम चिडले. आई तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "चिडतेस काय? त्यांचं खरंय. तू आणलास तो वरातीचा बाजा आहे."

दुसऱ्या दिवशी मी तणतणत दुकानात गेले. तो गुजराती दुकानदार वस्तू परत घेणार नाही याची मला खात्री होती, भांडण तोंडात तयारच होतं. त्याने शांतपणे विचारलं, "बेन, सुनेगा कौन? और क्या सुनेगा?"

हे मी कालच सांगायला हवं होतं. मी सगळं सांगितलं, हातासकट. तो म्हणाला, "नाचने का गाना हो तो ये बराबर है. गजल-भजनवाला अलग आता है. ढोलकी का मुझे नहीं मालूम. पप्पा को लाओ, और उनकी कैसेट लाओ."

बाबांना रिक्षात बसवायला मला दोन दिवस लागले.

दुकानदाराने स्टूल दिलं. आधी गजल-भजनवाला हेडफोन लावला. गाणाऱ्याचा शब्द न् शब्द स्वच्छ, टाळ्या स्वच्छ. बाबांचा चेहरा मात्र उतरला. "यात डावा हातच नाही," ते हळूच म्हणाले. ढोलकीच्या डाव्या तोंडाचा खालचा घुमारा त्यात येतच नव्हता. मला तिथून पळून जावंसं वाटलं. कुठून ही अवदसा आठवली मला, असं झालं.

दुकानदाराने आणखी एक काढला. मधल्या किमतीचा, पातळ फोमचा, दिसायला अगदीच गरीब. बाबांनी लावला आणि डोळे मिटले. मग त्यांच्या उजव्या हाताची बोटं काचेच्या काउंटरवर वाजायला लागली. दुकानदाराने हात लांब करून दुकानातला रेडिओ बंद केला. बाहेर एक गिऱ्हाईक उभं होतं, त्याला त्याने खुणेनेच थांबवलं. त्या खुणेसाठी मी आजही त्याचे उपकार मानते.

त्या रविवारी बाबांनी ढोलकी खाली काढायला लावली. लुगड्याची गाठ आईने सोडली. मांडीशी उशी लावून ढोलकी टेकवली, तोच पातळ फोमचा हेडफोन चढवला, कॅसेट लावली आणि उजव्या हाताने वाजवायला सुरुवात केली. पहिल्यांदा हात चुकला. दुसऱ्यांदा चुकला. मग जमलं.

शेजारच्या काकू दारात आल्याच. "भावजी, असं अर्धंच का वाजवताय?"

बाबांनी ऐकलं. पातळ फोममधून बाहेरचंही येत होतं, आणि म्हणून तर त्यांना स्वतःची ढोलकी ऐकू येत होती. मला वाटलं, आता थांबतील. ते हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा.

"तुम्हाला अर्धं, वहिनी. मला पुरं ऐकू येतंय."

मग त्यांनी मला जवळ बोलावलं, हेडफोन काढून माझ्या डोक्यावर चढवला आणि फोममधून बाहेर झिरपणाऱ्या बारीक आवाजावर पुन्हा वाजवू लागले. कानात मुर्ध्याच्या मंडपातला जुना घुमारा होता, आणि फोमच्या बाहेरून आत्ताची, समोरची थाप येत होती. मी रडत होते, आणि तरी ठेका मोजत होते. कुठेही फट नव्हती. दोन्ही हात बाबांचेच होते.