तोंडातले खिळे

आमच्या शेजारी आंब्याच्या पेट्या ठोकणारा एक जण होता. कायम ओठांत खिळे धरून बोलायचा. "पाणी दे रे बाबा" हे त्याच्या तोंडून "आणी हे रे आआ" असं यायचं. मी काड्या धरून नक्कल केली की तोही हसायचा, खिळे न पाडता.

एकदा बागवाल्याने त्याच्याकडे पुठ्ठ्याचा खोका आणला. "पेट्यांपायी झाडं तोडून डोंगर बोडके झाले. हा टिकेल काय, तूच बघून सांग."

खोक्याला खिळे लागत नव्हते, म्हणजे याचं कामच जाणार होतं. तरी याने आंबे भरले, खोका एस.टी.च्या टपावरून राजापूरला नेऊन आणला आणि आमच्यासमोर उघडला. एकही आंबा दबला नव्हता.

त्याने ओठांतले खिळे काढून डब्यात टाकले.

"टिकेल," तो म्हणाला. अगदी स्वच्छ. नक्कल करण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.