जास्तीचे वीस बॉक्स

सिन्नरच्या एका कारखान्याला मी पुठ्ठ्याचे बॉक्स पुरवतो. तिथे स्टोअरच्या खिडकीत बसणाऱ्या माणसाचं नाव मला आजही माहीत नाही. खरेदीची ऑर्डर, आवक पावती आणि बिल शेजारी शेजारी मांडून तो प्रत्येक आकड्यावर बोट ठेवतो, ओठ हलवत वाचतो. एक आकडा जुळला नाही तर बिल थांबतं.

त्या शुक्रवारी माझं थांबलं. चार वाजता चेक सहीला जाणार होते आणि शनिवारी माझ्या कामगारांचा पगार होता.

“ऑर्डर पाचशेची, आले पाचशे वीस,” तो म्हणाला.

“अहो, वीस फुकट दिलेत! एखादा फाटला तर असावा म्हणून.”

“शेठ, माल कमी आला तर तुम्हाला विचारतात. जास्त आला तर मला.”

याच्याच साहेबांनी बॉक्समागे रुपयाने भाव पाडून घेतला, तेव्हा कुणी कुणाला विचारलं नव्हतं! मी रागारागात वीस बॉक्स टेम्पोत परत टाकले. त्याने पावती दुरुस्त केली आणि कागद घेऊन तो अकाउंट्सकडे संथ निघाला. चारला पाच मिनिटं होती.

“जरा पळा की हो!” मी ओरडलो.

तो थांबला, चष्मा पुसला आणि उभ्याउभ्याच पहिल्या कागदापासून पुन्हा वाचू लागला.

मी तोंड मिटलं आणि त्याच्या ओठांकडे बघत राहिलो.