वीत अन् दोन बोटं

कौसाआत्या गेली, तेव्हा मी एका दुकानात बुटांसाठी भांडत होते.

आज वर्ष झालं. त्या दुकानातलं घरी कुणालाच सांगितलं नाही, म्हणून इथे लिहिते.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आमच्या लिंबागणेशजवळच्या गावात बायकांच्या दूध संस्थेची सचिव. शिक्षण चौथी. घरात पहिली ग्रॅज्युएट मी झाले, पण नर्सिंगचा फॉर्म भरायला बीडला माझ्यासोबत तीच आली होती. संध्याकाळच्या दुधाला उशीर होईल म्हणून सगळ्या ऑफिसभर घाई करत.

दुष्काळात गावात टँकर यायचा. रांग माणसांची नसायची, हंड्यांची असायची. सकाळीच हंडा ठेवायचा आणि आपापल्या कामाला जायचं. टँकर आला की प्रत्येकीचा हंडा जागच्या जागी.

ही शिस्त आत्याची. बाळंतिणीचा, अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीचा हंडा ती स्वतः आणून ठेवायची. आपल्या हंड्याच्या पुढे.

कॉलेजात मला सहकारावरच्या भाषणाला बक्षीस मिळालं. मी ते आत्याला वाचून दाखवलं, अगदी हातवारे करून.

"लई लांबलं गं," ती म्हणाली. "दुसरीचा हंडा सरकवू न्हाई. एवढंच तर हाय."

मग नोकरी लागली आणि मी या कॅरिबियन बेटावर आले. आत्याला नकाशात दाखवलं. चारी बाजूंनी समुद्र, तरी उन्हाळ्यात कधी कधी नळाला पाणी नसतं, हेही सांगितलं.

"मंग आपल्यावानीच की!" तिला एकदम हायसं वाटलं.

इथे नाताळच्या दुसऱ्या दिवशी मोठा सेल लागतो. मागच्या वर्षी मी पहिल्यांदा गेले. शुगरमुळे आत्याच्या टाचा फुटल्या होत्या. तिच्यासाठी मऊ बूट घ्यायचे होते. आदल्या दिवशी फोनवर नंबर विचारला.

"बूट? मी काय पोलिसात हाय का?"

"आत्या, नंबर सांग."

"नंबर कुणाला ठाव? तुही वीत अन् वर दोन बोटं. पाय चेपताना तूच मोजलं होतंस."

सेलमध्ये इतकी गर्दी, की हात वर करायला जागा नव्हती. ट्रॉल्या पायावरून जात होत्या. मी बुटांच्या ढिगात गुडघे टेकून एकेक तळवा वितीने मोजत बसले. बाया बघून हसत होत्या. शेवटी एक जोड सापडला. पांढरा, लोण्यासारखा मऊ. सेलमधला तसा तो शेवटचाच.

पैसे द्यायची रांग दारापर्यंत. मी अर्ध्यावर पोचले आणि आत्याचा फोन आला. गोंगाटात काही ऐकू येईना. मी पिशवी रांगेत जमिनीवर ठेवली, पिशवीवर बूट ठेवले आणि बाहेर गेले.

माझ्या मनात क्षणभरही शंका आली नाही.

इथे सकाळ होती, तिकडे संध्याकाळ. दूध घालायला बाया आल्या होत्या. कॅनचा आवाज येत होता.

"कुठं हायस?"

"रांगेत. तुझे बूट घेतेय."

"रांग सोडून आलीस? येडी!"

"पिशवी ठेवलीय ना."

"मंग ठीक," आत्या म्हणाली. "मंग कोण घेतंय तुहा नंबर."

आणि मागच्या बायकांना ओरडून सांगितलं, "पोरगी बूट घ्याय लागली मला! परदेशातले!"

हसण्याचा गलका ऐकू आला. फोन बंद झाला.

मी आत आले. पिशवी गार्डच्या हातात होती. बूट गेले होते. मी भांडले. रडले. मोडक्या इंग्लिशमध्ये सांगत राहिले, ही माझी जागा आहे.

गार्ड चांगला माणूस होता. हळूच म्हणाला, "मॅडम, रांगेत माणसं उभी राहतात. पिशव्या नाहीत."

त्याच वेळी तिकडे आत्यानं शेवटच्या बाईचं दूध मोजलं, घरी गेली, उंबऱ्यात बसून पाणी मागितलं.

माझा भाऊ पाणी घेऊन आला तेव्हा ती गेलेली होती.

मला जाता आलं नाही. तिकीट नाही, रजा नाही. फोनवर पाहिलं सगळं. संस्थेच्या बाया म्हणत होत्या, बुटाचं सांगत होती गं, लई खुश होती.



आज पुन्हा त्याच सेलला गेले. एकटीच. गुडघे टेकून पुन्हा वितीने मोजलं. रांगेत असताना भावाचा फोन आला.

"ताई, काय गोंधळ हाय गं तिकडं?"

"रांगेत हाय."

"कशाच्या?"

"मागनं सांगते," म्हणून मी फोन ठेवला. पण या वेळी जागा सोडली नाही.

माझ्या पुढे एक माणूस मावेल एवढी जागा मी मोकळी ठेवत होते. दर वेळी कुणीतरी येऊन भरत होतं. त्यांची चूक नाही. त्यांना ठाऊक नाही तिथे कोण उभं आहे.

बूट आता माझ्या खोलीत दाराशी आहेत. इथे कुणाच्याच पायाला ते होणार नाहीत.

आत्या, त्या दिवशी माझा नंबर गेला होता गं. तुला सांगायचं राहिलं.

जिथे असशील तिथे तुझ्या हंड्याला लागून माझाही एक ठेव. मी सावकाश येते.

नमस्कार करते, कौसाआत्या.