हवेत राहिलेला सूर

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधेच कोणी फिदीफिदी केलं तर चहाचा कप तिथल्या तिथे ठेवून उठेन, सांगून ठेवतो! इतकी वर्षं झाली, पण ही गोष्ट निघाली की माझं डोकं अजून फिरतं. बोटीवर फिरतं, भिकू तांडेलावर फिरतं, अख्ख्या गावावर फिरतं.

पन्नास-पंचावन्न सालची गोष्ट. मी मुंबईला गोदीत कारकुनी करायचो आणि संध्याकाळी सॅक्सोफोन शिकायचो. आता तुम्हाला सॅक्सोफोन माहीत आहे हो, पण तेव्हा आमच्या मालवणाकडे कोणाला काय सांगणार? मी पहिल्यांदा तो घरी आणला तेव्हा आईने ते वाकडं पितळी धूड सगळ्या बाजूंनी पाहिलं आणि विचारलं, "रे वसंता, ह्येतूर तंबाखू खंय भरतत?"

चिलीम वाटली तिला! चिलीम!

शिकवायला मिंगेल मास्तर. गोव्याचे. मुंबईच्या एका बड्या हॉटेलात त्यांचा जॅझचा बँड होता. माझी बोटं त्यांना पसंत होती, दम पसंत होता, फक्त खालचा सूर पसंत नव्हता. तो लावला की ते कानांवर हात ठेवायचे. "बाबा, हो सूर न्हय. ही शेळी!" आणि मग त्यांचं ते ठरलेलं वाक्य, की सूर खरा लागला ना, तर तोंड काढलं तरी तो हवेत राहतो. माझा तर तोंड काढायच्या आधीच मरायचा.

त्या मे महिन्यात त्यांचा सॅक्सोफोनवाला कलकत्त्याला निघाला. मास्तर म्हणाले, "जागा तुझी. गावाला जा, खालचा सूर पक्का कर आणि जून लागायच्या आत ये. नाही आलास तर दुसरा दारात उभा आहे." अहो, गोदीतली ती पोती मोजायची कटकट सुटणार होती! रोज रात्री काळा कोट घालून वाजवायचं, त्याचेच पैसे मिळायचे. त्या जागेसाठी मी काय वाटेल ते केलं असतं.

गावी आलो. पण घरात वाजवायची सोय नाही. आई म्हणाली, "हंय नको. ता आयाकला की गाय दूध चोरता." घ्या! मग काय, खाडीच्या तोंडाशी जी डोंगरी आहे, तिच्या पायथ्याला, बंदराच्या अंगाच्या खडपात, म्हणजे कातळात, एक आडोसा शोधला आणि तिथे बसायला लागलो.

आता इथे नीट लक्ष द्या. आमचं बंदर खाडीच्या आत. मुंबईची बोट डोंगरीच्या पलीकडे, बाहेर समुद्रात उभी राहायची. बंदरावरून ती दिसायची नाही. बोट भोंगा द्यायची, तो ऐकला की भिकू तांडेल माणसं आणि सामान पडावात, म्हणजे वल्ह्याच्या मोठ्या होडीत, भरून बाहेर न्यायचा. पडाव आला नाही तर बोट आणखी एकदा भोंगा द्यायची आणि चालती व्हायची. बघण्याचा प्रश्नच नाही, सगळा कारभार कानावर!

पहिल्याच सकाळी मी खालचा सूर लावून बसलो होतो. लांबवायचा, श्वास घ्यायचा, पुन्हा लांबवायचा. एवढ्यात बंदरावर ही धावपळ! "बोट इली! बोट इली रे!" मी दचकलो. बोटीचा दिवस नव्हता, पण पाऊस जवळ आला की बोटी कधी बंद होतील याचा नेम नसायचा. हीच शेवटची असली तर? मी धावत घरी गेलो, ट्रंक उचलली, आईच्या पाया पडलो आणि पडावात उडी मारली.

पडावात आंब्याच्या करंड्या, कोंबड्या, सासरी निघालेली एक रडणारी पोर आणि आम्ही. बाहेर जाऊन बघतो तर बोट कुठाय? नुसता समुद्र! डोक्यावर ऊन. सगळ्यांत मोठ्याने कोण ओरडत होतं सांगा? मी!

"शिरा पडली त्या बोटीर! भोंगो देऊन पळतत म्हणजे काय? तक्रार करूक व्हयी!"

"करूक व्हयीच," भिकू तांडेल वल्हं थांबवून म्हणाला. साठीचा माणूस, उन्हाने काळाठिक्कर पडलेला. "तू साक्षीदार हो. भोंगो आयाकलंस मां तू?"

"मी नाय आयाकलंय. मी थंय खडपात वाजयत होतंय."

ती पोर रडायची थांबली. भिकू तांडेल माझ्याकडे बघत राहिला, मग माझ्या ट्रंकेकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"मेल्या," तो म्हणाला, "तुझ्या पिपाणयेन आमका सगळ्यांका हंय आणल्यान, आणि तूय इलंस?"

झालं! त्या दिवसापासून मला गावात तोंड दाखवायची सोय उरली नाही. वाण्याकडे गेलो की, "इलो रे भोंगो!" देवळात तर पंचांनी गाऱ्हाणं घातलं, मी समोर उभा असताना. "बा देवा म्हाराजा, ह्या झिलाच्या पिपाणयेत जा काय शिरला आसात, ता भायर काड रे म्हाराजा!" आणि सगळा गाव एका सुरात, "होय म्हाराजा!" तो सूर मात्र त्यांचा पक्का लागला हो.

मी संतापून सांगत होतो, अरे, हे जॅझ आहे, साहेबलोक हे ऐकायला काळे कोट घालून येतात! भिकू तांडेल म्हणाला, "येऊ देत. त्यांका खंय पडाव वल्हवचो आसा?" शेवटी त्याने निकाल दिला. मी रोज खुशाल वाजवावं, कोणी जागचं हलणार नाही. पण बोटीच्या दिवशी त्या वाद्याला हात लावायचा नाही.

कबूल केलं. काय करणार?

शेवटच्या बोटीचा दिवस आला. ट्रंक घेऊन बंदरावर पोचलो. आभाळ भरून आलेलं, बोटीचा पत्ता नाही. मी गप बसलो होतो, देवाशपथ गप बसलो होतो! पण भिकू तांडेल चहा भुरकता भुरकता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आज म्हस बांधून ठेवल्यान वाटता. बरा झाला. हंबारली असती तर गावचे रेडे गोळा झाले असते."

म्हस? माझ्या सॅक्सोफोनला म्हस? सगळं बंदर खिदळलं आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली. ट्रंक तिथेच टाकली, वाद्य उचललं आणि तडक खडपात गेलो. म्हटलं, निघता निघता यांना एकदा ऐकवतोच!

डोळे मिटले आणि सगळा राग त्या खालच्या सुरात ओतला.

आणि काय सांगू! लागला! असा भरदार, असा गोल! मी फुंकत राहिलो. दम संपला, तोंड काढलं, तरी सूर हवेत! तस्साच घुमतोय! मास्तर, मास्तर, तुम्ही इथे का नाही हो? माझ्या डोळ्यांत पाणी आलं. थोड्या वेळाने पुन्हा लावला, पुन्हा तसाच राहिला. कातळसुद्धा थरथरला.

छाती पुढे काढून बंदरावर परतलो. सगळे आपापल्या जागी बसलेले. पडाव दोरीला बांधलेला. भिकू तांडेल कप खाली ठेवून चक्क उभा राहिला.

"वसंता," तो म्हणाला, "आज मात्र वाजयलंस हां! उगाच खोटा कित्याक बोला? अगदी बोटीसारखो!"

माझा सगळा राग विरघळला. मी म्हणालो, "भिकूकाका, तुमका पटला, माका सगळा मेळाला!" आणि वाकून त्यांच्या पाया पडलो.

उठून पाहिलं तर डोंगरीच्या पलीकडून धूर वर येत होता. तो हळूहळू उत्तरेला, मुंबईकडे सरकत होता.

करंड्यांवर बसलेला आंबेवाला माझ्या नावाने शिव्या घालायला लागला.

एसटी बदलत, घाट चढत मुंबईत पोचेपर्यंत जून लागला होता. माझ्या जागेवर दुसरा वाजवत होता. मी मास्तरांसमोर तावातावाने सगळं सांगितलं. "पण मास्तर, सूर लागला होता हो! तोंड काढलं तरी हवेत राहिला होता! गाव साक्षीला आहे!"

मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाबा, तर मग ती बोट घेऊन ये. जागा तिची."